घळीपलीकडे पाचपैकी पाच

१

केंद्र म्हणजे जेमतेम दोन खोल्या. पूर्वी तिथे दूध गोळा करत, म्हणून फरशीला अजून उतार होता, आणि चाकाची खुर्ची जरा सैल सोडली की ती बोलणाऱ्या माणसाला घेऊन हळूहळू मोरीकडे निघायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. बाहेर एक लोखंडी टॉवर आणि आत शंभर वॅटचा ट्रान्समीटर. शंभर वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाला लागायची तेवढी वीज. तेवढ्यावर सात गावं आणि अर्धं पठार हे केंद्र ऐकायचं. मोठी केंद्रं लांब कुठेतरी होती. त्यांना ही गावं ठाऊक नव्हती, आणि गावांचंही त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं.

सकाळी नऊ ते दुपारी दोन रेडिओताई बोलायची. दवाखान्याच्या वेळा, बाजारभाव, हरवलेली शेळी, सापडलेली छत्री, अमक्याचा तमक्याला निरोप. तिला एक नाव होतं, पण ते आता फक्त मतदार यादीत उरलं होतं. बावन्न वर्षांची, किरकोळ अंगाची, नाकात बोलणारी बाई. आवाज काही मंजुळ वगैरे नव्हता. पण सात गावांत कुणाचीही झोप उडाली की तो माणूस सकाळ होण्याची आणि ताई बोलायला लागण्याची वाट बघायचा.

खरं काम धुक्याच्या दिवशी असायचं. पठारावर धुकं उतरलं की स्वतःचे पाय दिसत नसत, आणि मोबाइलला तिथे रेंज नव्हती. म्हणून वर जाणारा प्रत्येक जण जाताना केंद्राच्या फळ्यावर आपली नोंद करी आणि खिशात एक छोटा रेडिओ सेट ठेवी. धुक्यात सेट छातीशी धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. दोन बाजूंना आवाज भरून येतो, दोन बाजूंना मरतो. भरलेल्या दोन बाजूंपैकी एक घराकडची आणि एक बरोब्बर उलटी. नवखा माणूस हमखास उलटी बाजू धरतो. पण दोनशे पावलांत आवाज बारीक व्हायला लागतो, मग तो स्वतःला एक शिवी हासडतो आणि मागे वळतो. परतलेला माणूस स्टुडिओच्या काचेवर दोनदा टकटक करी आणि ताई फळ्यावरची त्याची नोंद पुसायची. फळा कोरा होईपर्यंत केंद्र बंद व्हायचं नाही, मग दोन वाजोत नाहीतर पाच. तोवर ताई तोंडाला येईल ते बोलत राहायची. स्वेटरची उसवलेली बाही कशी विणावी, बियाण्याच्या पाकिटावर काय लिहिलंय, वायरमन काकांनी आज कुठला फ्यूज उडवला. आवाज चालू राहणं महत्त्वाचं.

अशाच एका धुक्याच्या दिवशी मधवाला पठारावरून परतला, त्याने काचेवर टकटक केली आणि दारातून डोकं आत घातलं.

"ताई, आज गायलात की!"

"कोण, मी?"

"मग काय मी? छान गायलात. जरा नाकात, पण छान."

ताई हसली. आयुष्यात ती एकाच माणसासाठी गुणगुणली होती, आणि त्यालाही आता पस्तीस वर्षं होत आली होती. मधवाल्याचा काटा दुसऱ्या कुठल्या केंद्रावर सरकला असणार, असं म्हणून तिने विषय सोडून दिला.

२

परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं की वरच्या कार्यालयाला नकाशा लागे. केंद्र कुठवर ऐकू येतं आणि किती स्वच्छ, याचा. ते काम वायरमन काकांचं. काकांना वीज खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण हातातला टेस्टर काही सुटला नव्हता. बावन्न वर्षांच्या ताईला ते पोरी म्हणायचे. स्कूटरवरून निघायचं, दर किलोमीटरला थांबायचं, मिनिटभर सेट ऐकायचा आणि वहीत पाचपैकी गुण लिहायचे. ऐकतोय ते आपलंच केंद्र, याची खात्री पटावी म्हणून ताई त्या वेळात माइकवर एक ते शंभर आकडे म्हणायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. दरवर्षी पठारावर तेच व्हायचं. चार, तीन, दोन, आणि मध्ये आडवी घळ आहे तिथे शून्य. घळीपलीकडे कुणी ऐकत नसे आणि कुणी जातही नसे. तिकडे नुसतं गवत, आणि किलोमीटरभरावर कडा.

या वर्षी काका परत आले ते जिलबी खाल्ल्यासारखे खूश.

"पोरी, घळीपलीकडे पाचपैकी पाच!"

"काका, आपल्याला समोरच्या चौकात साडेचार मिळतात."

"म्हणून तर सांगतोय. पाचाच्या वर काही असतं तर तेही दिलं असतं. दमट हवेत होतं कधी कधी असं. सिग्नल उडी मारतो."

ताईने वही ओढून घेतली. काकांचं अक्षर मुंग्यांची रांग, पण वाचता यायचं. *घळीपलीकडे, मोठा दगड: ५. आकडे ऐकले: १७२, १७३, १७४.*

"मी शंभराच्या पुढे जात नाही."

"मग आज गेली असशील. सोळा वर्षं तेच म्हणतेस, जिभेला कंटाळा आला असेल."

असेलही. नव्वदीनंतर तिला नेहमी जांभई यायची, आणि जांभईत माणूस कुठेही जाईल. ताईने असं स्वतःला पटवलं. पण त्या दिवशी शंभर म्हटल्यावर आपण पाण्याचा पेला उचलला होता आणि मग 'एक' म्हणालो होतो, हे तिला पाण्याच्या चवीसकट आठवत होतं.

घरी आल्यावर तिने हे भावाला सांगितलं. भाऊ म्हणजे गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. मेंढ्यांना लस टोचत सात गावं हिंडायचा. सहा फूट उंच, दारातून वाकून आत येणारा, आणि तरी घरात त्याचं नाव टिल्लू. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि ताई सतरा. तिचं लग्न राहून गेलं की तिने राहू दिलं, हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. टिल्लूला वाढवणं हेच तिने केलेलं सगळ्यात मोठं काम होतं, आणि ते चांगलं झालं याचा तिला मनातून अभिमान होता.

"तू झोपेतसुद्धा बोलतेस," टिल्लू म्हणाला. "एकशे चौऱ्याहत्तर म्हणजे काहीच नाही."

३

दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं. ताईने माइक काकांच्या ताब्यात दिला, बियाण्याचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं, आणि टिल्लूच्या मोटारसायकलवर मागे बसून पठारावर गेली. टिल्लू मेंढवाड्यापाशी थांबला. तिथून घळ अर्ध्या किलोमीटरवर. तेवढं ती एकटीच चालत गेली.

सेटमध्ये काका पेरणीची खोली सांगत होते, मधून मधून खोकत होते. घळीच्या काठावर त्यांचा आवाज पातळ झाला. खाली उतरल्यावर नुसती खरखर. पलीकडचा चढ चढताना तिला वाटलं, झालं, इथे काही नाही, उगाच आले.

वीसेक पावलं गेली असतील.

"धुकं दाट आहे," सेटमधून बाईचा आवाज म्हणाला. "घाई करू नका. सेट छातीशी धरा."

आवाज तिचाच होता. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची तिला सवय होती, केंद्रावरच्या टेपांवर ती रोज तो ऐकायची. ओळखण्यात चूक व्हायचं कारण नव्हतं. डोक्यावर ऊन तळपत होतं, गवतावर तिची सावली स्वच्छ पडली होती, आणि ती स्वतःच स्वतःला धुकं दाट असल्याचं सांगत होती. इतकं स्पष्ट की खुर्चीचं चाक किंचित सरकल्याचंही ऐकू आलं. मग तो आवाज गुणगुणायला लागला. टिल्लूला निजवताना ताई जे गुणगुणायची तेच, तिसऱ्या ओळीत दर वेळी चुकायची तिथेच चुकत.

तिने सेट छातीशी धरून एक फेरी घेतली, मग भरलेल्या दोन्ही बाजूंना थोडं चालून पाहिलं. आवाज भरत होता तो केंद्राकडे नव्हे, तर कड्याकडे. तिकडे तिने टक लावून पाहिलं. गवत, त्यापुढे आभाळ. घर नाही, टॉवर नाही, माणूस नाही.

ती मागे फिरली. घळीच्या काठावर थोडा वेळ दोन्ही ऐकू येत होतं, बाईच्या गुणगुणण्याखाली काकांचा खोकला. त्या खोकल्याचा इतका आधार तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

"कुणीतरी टेप करून वाजवतंय," काकांनी निकाल दिला. "टारगट कार्टी. एक ट्रान्समीटर, एक बॅटरी, झालं." ताईलाही ते पटवून घ्यायचं होतं. दोघांनी मिळून वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. कार्यालयाने ते वाचलं की नाही, देव जाणे. ताईने मात्र रोज माइकवर सांगायला सुरुवात केली. घळ ओलांडू नका. बारीक झालेला आवाज पुन्हा वाढला तर समजा तो आपला नाही, आणि मागे फिरा.

"मला नको सांगूस," टिल्लू हसून म्हणाला. "तुझा आवाज मी ओळखणार नाही होय?"

सात गावांत त्या आवाजाला सगळ्यांत आधी फसेल असा कुणी असेल तर तो हाच, हे ताईला तेव्हाच कळलं.

४

पुढच्या आठवड्यात फळ्यावर चार नोंदी होत्या. दोन गवतवाल्या, मधवाला आणि कंपाउंडर. सकाळ कोरडी होती. साडेबाराला काचेपलीकडचा टॉवर अर्धा झाला आणि एकला दिसेनासा झाला.

"धुकं उतरलंय," ताईने माइकवर सांगितलं. "वर असाल तिथून निघा. मी इथेच आहे."

मधवाला दीडला आला. त्याने काचेवर टकटक केली, ताईने बोलता बोलता त्याची नोंद पुसली. दोन वाजले, नेहमीची वेळ संपली, ती बोलत राहिली. सव्वादोनला थोरली गवतवाली आली आणि पाठोपाठ धाकटी. फळ्यावर एकच शब्द राहिला. मेंढवाडा तर इथून पाऊण तासाच्या वाटेवर. लस टोचून झाली असेल, हत्यारं आवरत असेल, मेंढपाळाशी गप्पा छाटत बसला असेल. ताईने बाहीची वीण तिसऱ्यांदा समजावून सांगितली.

थोरली गवतवाली दारातच घुटमळत होती. ताईने एक गाणं लावलं आणि उठून बाहेर आली.

"कंपाउंडर भेटला का वाटेत?"

"दिसला, धुकं जरा फाटलं तेव्हा. म्हणजे, त्याच्याएवढं उंच कोण आहे दुसरं? घळीच्या अलीकडे काठावर उभा होता. पाठमोरा."

"तोंड कुणीकडे?"

गवतवालीने पदराने मानेवरचं पाणी टिपलं. तिला ते सांगायचं नव्हतं.

"घळीकडे. मी दोन हाका मारल्या. पण सेट कानाला होता, आणि ताई, तो हसत होता. घरचं कुणी बोलत असावं तसा."

५

गाणं अर्ध्यावर तोडून ताई माइकवर बसली.

"टिल्लू, उलटा चाललायस. ती घळ आहे. माझा आवाज बारीक होतोय ना? मागे फिर, बाळा, मागे फिर."

हे ती अर्धा तास म्हणत होती. घसा सुकला, काकांनी पाणी पुढे केलं, ती ते प्यायलीही नाही, कारण पाणी पिताना गप्प बसावं लागतं. काका मध्येच स्कूटर काढून गेले आणि फाटकापर्यंत जाऊन परत आले. पुढचं चाकच दिसत नव्हतं. वाटाड्या म्हणावा असा पठारावर एकच होता, ताईचा आवाज, आणि आता तो दोघींकडे होता.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण चुकतोय. काठावर दोन्ही ऐकू येतं. आपण जितकं बोलू तितकं त्याला वाटत राहणार, ताई बोलतेय, ताई आहे. दोन्हीकडे ताईच. आणि तिकडचा आवाज पाचपैकी पाच, आपला दोन. तो कुठला धरेल? नवखा असता तर घाबरला तरी असता. टिल्लू घाबरणार नाही. गुणगुणणं ऐकत तो कड्यापर्यंत जाईल आणि कड्यावरूनही पुढे पाऊल टाकेल.

"काका," ती म्हणाली, "ट्रान्समीटर बंद करायचा."

"वेड लागलं का? धुक्यात?"

"धुक्यातच. मी गप्प झाले म्हणजे जो उरेल तो माझा नाही, एवढं तरी त्याला कळेल."

"आणि तो अलीकडे असला, तुझ्या भरवशावर चालत असला, तर? पोरी, सोळा वर्षांत फळ्यावर माणूस असताना आपण हे बटण दाबलेलं नाही." काकांचा आवाज चिरकला. टिल्लूला पहिली सायकल त्यांनीच शिकवली होती.

"म्हणून तर त्याला कळेल."

तिने माइक जवळ ओढला.

"टिल्लू, नीट ऐक. मी आता गप्प बसणार आहे. यानंतर ऐकू येईल तो आवाज माझा नाही, कितीही माझा वाटला तरी. त्याच्याकडे पाठ कर. तो विरत जाईल तिकडे चाल. पूर्ण विरला तरी सरळ चाल, तिकडे मी आहे."

हे तिने तीनदा सांगितलं. मग बटण दाबलं. ट्रान्समीटरची घरघर थांबली, आणि ती घरघर सोळा वर्षं आपल्या कानात होती हे तिला ती थांबल्यावर कळलं.

६

टेबलावर एक छोटा सेट कायम चालू असायचा, आपलंच केंद्र नीट जातंय ना ते ऐकायला. आता त्यात खरखर होती. काका भिंतीला टेकून उभे राहिले. ताईने दोन्ही तळवे मांडीवर दाबून धरले. तिला ओरडायचं होतं. भाऊ धुक्यात आहे आणि आपण मुद्दाम गप्प बसलोय, याच्याइतकी वाईट गोष्ट तिने आजवर केली नव्हती.

पाच मिनिटं गेली असतील. खरखरीत आधी श्वास आला. मग आवाज.

आपला ट्रान्समीटर बंद झाल्यामुळे वाट मोकळी झाली असणार, म्हणून इथवर पोचला, असं काका नंतर म्हणाले.

"सगळे पोचले," सेटमधली बाई अगदी हळू, लांबून म्हणत होती. "गवतवाल्या पोचल्या, मधवाला पोचला. तूच राहिलास, टिल्लू. ये रे. मी इथेच आहे."

ताईला आधी संतापच आला. माझ्या भावाला माझ्या आवाजात, माझ्याच तोंडच्या नावाने बोलवायचं? तिने सेटकडे हात नेला, पण बंद करवेना. तास होत आला तरी बाई बोलत राहिली. तिने बाहीची वीण सांगितली. मध्येच थांबून पाणी नको म्हणाली, कुणाला तरी. घसा बसत चालला होता. टिल्लूला ती बाळा म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज फाटला.

फसवणाऱ्याचा आवाज असा फाटत नाही. ताईला हे कुठल्याही अनुभवावरून नव्हे, तर आतून कळलं. ही बाई कुणाला कड्याकडे ओढत नव्हती. हिच्याही फळ्यावर एक माणूस राहिला होता. ताईला त्या बाईची इतकी दया आली की डोळे भरले.

"ही कुठून बोलते, काका?"

हातातला टेस्टर काकांनी खिशाला लावला, काढला, पुन्हा लावला.

काचेवर टकटक झाली. दोनदा.

७

टिल्लू आत आला तो नखशिखांत भिजून. वाकून आला, तरी चौकटीला डोकं लागलंच. ताईने त्याला मिठी मारली आणि दोन-चार रट्टे घातले, आधी मिठी की आधी रट्टे, ते काकांनाही नीट सांगता येणार नाही. काका नाक शिंकरायला मोरीकडे गेले ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"काठावर दोन-दोन ताया," टिल्लू सांगत होता. दात वाजत होते, तरी हसत होता. "डोकंच चालेना. मग तू म्हणालीस गप्प बसते, आणि एक आवाज बंद झाला. दुसऱ्याकडे पाठ केली आणि चालत सुटलो. मागे बिचारी रडत होती. खरं सांगू, दोनदा पाय अडखळले माझे."

"बस तिथे. टॉवेल घे."

तो माइकसमोरच्या खुर्चीत बसला, टॉवेल डोक्यावर घेतला आणि खसाखसा पुसायला लागला. खुर्ची मोरीकडे निघाली, त्याने पायाने थांबवली.

टेबलावरच्या सेटमध्ये बाई अजून बोलत होती. आता शब्द उरले नव्हते, नुसतं टिल्लू, टिल्लू. आपलं माणूस घरात सुखरूप असताना ते ऐकत बसणं ताईला सहन होईना. सांगायला हवं. काय सांगायचं आणि कुणाला, ते तिला ठाऊक नव्हतं, पण धुक्यात माणूस पोचला की तसं सांगतात, एवढं ठाऊक होतं. तिने बटण दाबलं. घरघर सुरू झाली.

"बाई," ती माइकवर म्हणाली, "तो पोचला. माझ्याकडे पोचला, सुखरूप आहे. तुम्ही आता थांबा. दमला असाल."

तिने ट्रान्समीटर पुन्हा बंद केला आणि सेटला कान लावला. खरखर. बराच वेळ नुसती खरखर. मग सेटमध्ये, पलीकडे, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, दार वाजलं, कुणीतरी नाक शिंकरलं.

"माझाही पोचला हो," बाई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "आत्ताच आला. म्हणतो, आवाजाच्या मागोमाग आलो. भिजलाय सगळा. डोकं पुसत बसलाय."

मग सेटमध्ये काही राहिलं नाही.

ताई वळली नाही. तिची बुद्धी मात्र तिला न विचारताच हिशेब जुळवत होती. घळीच्या काठावर दोघं टिल्लू उभे असतील, तिचा आणि त्या बाईचा. एकमेकांपासून दहा पावलांवर, धुक्यात, दोघांच्याही हातात सेट. दोघांना दोन्ही आवाज ओळखीचे. एक आवाजाकडे चालत गेला, एक आवाजापासून लांब. कुणाचा कुणीकडे? टिल्लू म्हणाला होता, तुझा आवाज मी ओळखणार नाही होय.

तिने मागे पाहिलं. टॉवेल खाली आला होता. टिल्लूच होता. भुवई तीच, हनुवटी तीच, हसताना एक डोळा बारीक व्हायचा तोही तसाच. कमी काही नव्हतं, जास्त काही नव्हतं. नाही म्हणायला काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं आणि त्या वाटण्याची लाज वाटली.

"असं काय बघतेस?" तो म्हणाला. "मीच आहे."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्याशी खोटं बोलली होती.

काका मोरीच्या दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या माणसाकडे, आणि स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं. एक कप जास्तीचा काढावा की नाही, अशा विचारात असल्यासारखा त्यांचा हात फळीपाशी थोडा रेंगाळला, मग त्यांनी तीन कप काढले.

ताई खुर्चीमागे गेली. त्याच्या हातातून टॉवेल घेतला आणि त्याचं डोकं पुसायला लागली, कारण ते अजून ओलं होतं. त्याने लहानपणीसारखी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. ती पुसत राहिली, कानामागे, मानेवर, केसांच्या मुळाशी. तिकडच्या बाईनेही तिकडे पोचलेल्याला असंच नीट कोरडं करावं, एवढंच तिच्या मनात होतं. त्याला सर्दी लगेच होते.